आकाशातल्या गोष्टी आणि त्यांची पहिली छापील पुस्तकं : अराटस, हायजिनस आणि १४८२ सालचं व्हेनिस

पुनर्वसू

ताऱ्यांवरचं कुठलंही मराठी पुस्तक उघडा, सप्तर्षींच्या पानावर 'ग्रीक कथा' म्हणून कॅलिस्टोची गोष्ट हमखास असते. झ्यूसचं मन एका मुलीवर जातं, त्याची बायको हेरा चिडून तिला अस्वल करते, पुढे तिचाच मुलगा नकळत तिच्यावर भाला उगारतो आणि झ्यूस दोघांना उचलून आकाशात ठेवतो. चार ओळींत गोष्ट संपते आणि 'असं ग्रीक लोक मानत' असं म्हणून लेखक पुढच्या तारकासमूहाकडे वळतो. कुठले ग्रीक, कोणी लिहून ठेवलं, ते आपल्यापर्यंत कसं आलं, याबद्दल अवाक्षर नसतं. ते शोधायला लागलो आणि त्यातच रमलो. हा धागा त्यासाठी.

सुरुवात अराटसपासून करावी लागते. हा किलिकियातल्या सोली गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचा. इ.स.पू. तिसऱ्या शतकात तो मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनाटस याच्या दरबारी होता. तिथे त्याने 'फेनॉमेना' हे ११५४ ओळींचं काव्य लिहिलं. आकाशाचं वर्णन त्याने यूडोक्सस या गणितज्ञाच्या गद्य ग्रंथावरून घेतलं आणि शेवटचा भाग वारा-पावसाच्या लक्षणांना दिला. हे काव्य त्या जगात अफाट लोकप्रिय झालं. सिसेरोने अगदी तरुणपणी त्याचं लॅटिन भाषांतर केलं, नंतर जर्मेनिकस सीझरने केलं, चौथ्या शतकात अव्हिएनसने केलं. बायबलच्या नव्या करारात संत पॉल अथेन्सच्या लोकांपुढे 'तुमच्याच काही कवींनी म्हटलं आहे' असं सांगून 'आपण त्याचीच लेकरं आहोत' हे वचन उद्धृत करतो, ते या काव्याच्या आरंभातलं. पॉल स्वतःही किलिकियाचाच, टार्ससचा.

पण अराटस गोष्टी फार सांगत नाही. कन्या राशीपाशी मात्र तो थांबतो आणि तो भाग मला सगळ्या काव्यात सर्वांत मोठा वाटतो. ही कन्या म्हणजे न्यायदेवता, डिके. सुवर्णयुगात ती माणसांत राहायची, वडीलधाऱ्यांना चौकात जमवून लोकांच्या भल्याचे कायदे करायला सांगायची. तेव्हा भांडण नव्हतं, समुद्रावरून कोणी काही आणत नव्हतं, बैल आणि नांगर सगळं पुरवत होते. रौप्ययुगात ती डोंगरात राहायला गेली. संध्याकाळी एकटी खाली येई आणि लोकांना सुनावून परत जाई. मग कांस्ययुगातली माणसं आली. वाटमारीची तलवार त्यांनी पहिल्यांदा घडवली आणि नांगराचा बैल पहिल्यांदा मारून खाल्ला. तेव्हा ती उडून आकाशात गेली आणि भूतप या तारकासमूहाशेजारी कन्या होऊन राहिली. नांगराचा बैल मारणं ही अधःपाताची शेवटची पायरी, हे वाचून आपल्याकडच्या कोणाही शेतकऱ्याच्या अंगावर काटा येईल.

गोष्टींचा खरा साठा दुसरीकडे आहे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस, ज्याने पृथ्वीचा परीघ मोजला, त्याने तारकासमूहांच्या उगमकथांवर लिहिलं होतं. ते मूळ पुस्तक उरलं नाही. त्याच्या नावावर एक छोटा ग्रीक सारांश आहे, 'कातास्तेरिझ्मी', ४४ प्रकरणांचा. प्रत्येक प्रकरणात आधी कथा आणि मग त्या आकृतीत कुठे किती तारे याची यादी. आणि लॅटिनमध्ये आहे हायजिनस. त्याचं खगोलावरचं पुस्तक चार भागांचं. पहिल्यात विश्वाची रचना, दुसऱ्यात कथा, तिसऱ्यात ताऱ्यांच्या जागा, चौथ्यात आकाशातली वर्तुळं, सूर्य-चंद्र आणि ग्रह. ऑगस्टसचा मुक्त केलेला गुलाम आणि पॅलाटिन ग्रंथालयाचा प्रमुख असलेला विद्वान हायजिनस तो हाच, असं पूर्वी धरून चालत. आज बरेच अभ्यासक तसं मानत नाहीत.

आता सप्तर्षींकडे परत. हायजिनस दुसऱ्या भागाची सुरुवातच मोठ्या अस्वलाने करतो आणि एक गोष्ट सांगून थांबत नाही. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या मते शिकारीची देवी आर्टेमिसनेच (लॅटिनमध्ये डायाना) स्नानाच्या वेळी मुलगी गरोदर असल्याचं पाहिलं आणि तिला अस्वल केलं. अँफिस नावाचा विनोदी नाटककार म्हणतो, ज्युपिटर (म्हणजे झ्यूस) डायानाचंच रूप घेऊन आला होता, त्यामुळे मुलीने देवीलाच 'हे तुझंच करणं' असं उत्तर दिलं आणि देवी भडकली. आणखी काही म्हणतात, जूनो (म्हणजे हेरा) येताना दिसली म्हणून ज्युपिटरनेच मुलीला अस्वल केलं आणि जूनोने ते शिकारीला निघालेल्या डायानाला दाखवून मारवलं. मग आकाशात गेल्यावरही जूनोचा राग संपत नाही. जूनोला वाढवणारी टेथिस ही समुद्राची देवी, म्हणून अस्वल कधीच सागरात उतरत नाही, मावळत नाही. भाला उगारणारा मुलगा आपल्याकडे इतका रुजला तो रोमन कवी ओव्हिडमुळे.

म्हणजे हायजिनसचं पुस्तक हे 'कोण काय म्हणतं' याची नोंदवही आहे. नावं घेऊन, मतभेद ठेवून तो सांगतो. आपण त्यातली एक उचलली आणि बाकीची पुसून टाकली. माझं एवढंच सांगणं आहे की या गोष्टी ज्याच्या त्याच्या नावाने सांगायला हव्यात.

छपाईबद्दल थोडं. हायजिनस प्रथम छापला गेला इटलीतल्या फेरारात, १४७५ साली, चित्रांशिवाय. मग व्हेनिसमध्ये १४८२ च्या ऑक्टोबरात एरहार्ट राटडोल्टने ४७ लाकूडठशांसह काढला, तो युरोपभर गेला. राटडोल्ट मूळचा जर्मनीतल्या औग्सबुर्गचा. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने युक्लिडची भूमिती समासात आकृत्यांसह छापली होती. एकाच माणसाने एकाच वर्षात ही दोन पुस्तकं काढावीत याचं मला फार अप्रूप वाटतं. १४८५ मध्ये त्याने हायजिनस पुन्हा छापला. १४८८ मध्ये व्हेनिसच्याच तोमास द ब्लाविसने चित्रांची नक्कल करून आपली आवृत्ती काढली. 'पोएटिकॉन अस्ट्रोनॉमिकॉन' हे ज्या नावाने पुस्तक पुढे ओळखलं गेलं ते नाव राटडोल्टच्या आवृत्तीतून पसरलं.

अराटस मूळ ग्रीकमध्ये छापला आल्डस मनुशियसने, १४९९ साली व्हेनिसमध्येच, प्राचीन खगोललेखकांच्या एका जाडजूड संग्रहात. त्यातल्या जर्मेनिकसच्या भागात तारकासमूहांची चित्रं आहेत, तीही राटडोल्टच्या चित्रांवरून बेतलेली. एराटोस्थेनिसच्या नावावरचा तो सारांश मात्र १६७२ पर्यंत थांबला. तो ऑक्सफर्डला जॉन फेलने अराटसबरोबर छापला.

ज्यांनी ही पुस्तकं पाहिली असतील, वाचली असतील त्यांनी लिहावं.

काजवा

सुंदर धागा. डिकेची गोष्ट पहिल्यांदाच वाचली. आजवर कन्या म्हणजे हातात कणीस घेतलेली बाई एवढंच माहीत होतं. चित्रा तारा म्हणजे ते कणीस ना?

राटडोल्टची चित्रं कुठे बघायला मिळतील? आणि एक शंका. फेरारात चित्रं नव्हती आणि व्हेनिसमध्ये सात वर्षांनी एकदम ४७, हे कसं?

जुळारी

काजवा, तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. मी आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले, त्यामुळे या पानांकडे माझी नजर वेगळ्या कारणाने जाते.

लाकूडठसा आणि शिशाचे खिळे दोन्ही उठावाचे असतात. ठोकळ्याची उंची खिळ्यांएवढी ठेवली की दोन्ही छपाईच्या एकाच चौकटीत, म्हणजे फर्म्यात, बसतात, एकाच शाईने, एकाच दाबात मजकूर आणि चित्र उमटतं. म्हणून लाकूडठशाची चित्रं मजकुराच्या ऐन मध्ये टाकता येतात. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात शाई खाचेत असते, त्याला निराळा दाब, निराळं यंत्र, म्हणजे कागद दोनदा छापायचा. राटडोल्टने युक्लिडच्या आरंभी व्हेनिसच्या दोजला, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाला, उद्देशून जे लिहिलं त्यात हाच मुद्दा आहे. व्हेनिसमध्ये इतकी पुस्तकं छापली जातात पण गणिताची जवळजवळ नाहीत, कारण आकृत्या छापणं अवघड. त्याने ते जमवलं. आकृत्या जमल्यावर तारकासमूह ही पुढची पायरी.

आता त्या चित्रांतले तारे. उठावाच्या ठशात तारा ठेवायचा म्हणजे त्याच्या भोवतालचं लाकूड कोरून काढायचं आणि तेवढाच टिपका राखायचा. तो अंगाच्या रेघेला भिडला तर छापताना शाईचा गोळा होतो. कोरणारा कारागीर साहजिकच मोकळी जागा शोधतो. त्यामुळे त्या चित्रांत तारे खांद्यावर नेमके नसून खांद्याच्या आसपास दिसतात, त्याचं अर्धं कारण माझ्या मते कारागिराच्या हातात आहे.

नकलेबद्दलही सांगतो. छापील चित्र ठोकळ्यावर जसंच्या तसं उतरवून कोरलं तर छाप आरशासारखा उलटा येतो. इतर चित्रांत हे चालून जातं, आकाशाच्या चित्रात उजवं-डावं बदललं की सगळंच बदललं.

पुनर्वसू, एक भर घालतो. राटडोल्ट १४८६ मध्ये औग्सबुर्गला परत गेला. त्याच वर्षाचा त्याच्या खिळ्यांचा नमुना-कागद उपलब्ध आहे, छापखान्याने काढलेला ज्ञात असा पहिला. औग्सबुर्गला त्याने पुढे अरबीत लिहिणाऱ्या अबू माशर या ज्योतिषाचे ग्रंथ छापले, त्यांतही जुने ठोकळे वापरले. चांगला ठोकळा कोणी टाकून देत नाही.

चिकित्सक

धागा माहितीपूर्ण आहे, पण मला विरोधी सूर लावावासा वाटतो.

खगोलाच्या दृष्टीने राटडोल्टची चित्रं निरुपयोगी आहेत. त्यातलं चित्र घेऊन अंगणात उभं राहा, एक तारा जुळणार नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकातच हिप्पार्कस या ग्रीक खगोलज्ञाने अराटस आणि यूडोक्सस दोघांच्याही चुका तीन खंडांत दाखवल्या होत्या. आकृत्या आपल्याकडे तोंड करून आहेत असं धरून डावं-उजवं सांगावं, असा नियमही तो देतो. टॉलेमीने ४८ तारकासमूहांत हजारावर ताऱ्यांचे रेखांश, शर (म्हणजे आकाशातले अक्षांश) आणि तेजाच्या प्रती दिल्या. अल-सूफीने दहाव्या शतकात ते स्वतः आकाशाशी पडताळून अरबीत नवा ग्रंथ केला. हे सगळं झाल्यावर १४८२ मध्ये व्हेनिसच्या लोकांनी हायजिनससारख्या दुय्यम संकलकाला एवढा मान द्यावा, हे ज्ञानाच्या इतिहासात मागे जाणं आहे. टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' लॅटिनमध्ये संपूर्ण छापला गेला तो १५१५ मध्ये. आधी गोष्टी छापल्या, मग विज्ञान.

शाल्मली

मी नेदरलँड्समधल्या लायडनला राहते म्हणून या धाग्यात आले. इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जर्मेनिकसच्या अराटसची नवव्या शतकातली पोथी आहे. पानभर चित्रं, निळ्या आकाशावर आकृती आणि ताऱ्यांच्या जागी सोन्याचे चौकोनी तुकडे. त्यातली ३५ चित्रं उरली आहेत. मूळ पोथी सहसा बाहेर काढत नाहीत, पण हुबेहूब प्रतिकृती निघालेली आहे आणि पानं संगणकावर बघता येतात. जरूर बघा. चित्रकाराने रोमन काळातला नमुना समोर ठेवला असावा असं अभ्यासक म्हणतात आणि ते पटतं. चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या मध्ययुगातल्या वाटतच नाहीत.

याच पोथीवरून ह्यूगो ग्रोशियसने १६०० साली लायडनला अराटसचा मोठा संग्रह काढला. ग्रीक मूळ, लॅटिन भाषांतरं, टीपा आणि याकोब द गेनने तांब्यावर कोरलेली चित्रं. तेव्हा ग्रोशियस १७ वर्षांचा होता! पुढे तो आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून ओळखला गेला. पोथी नंतर स्वीडनच्या ख्रिस्टीना राणीकडे गेली, तिच्याकडून आयझॅक व्होशियसकडे आणि त्याच्या संग्रहाबरोबर परत लायडनला आली.

एक तुलना करून बघा. लायडनच्या पोथीत देवयानी (म्हणजे ग्रीकांची अँड्रोमिडा) दोन खडकांमध्ये बांधलेली आहे. राटडोल्टच्या छापील चित्रात ती दोन झाडांमध्ये बांधलेली आहे. समुद्रकाठच्या राक्षसासाठी बळी दिलेली मुलगी झाडांना कशी बांधली गेली? राटडोल्टच्या चित्रकारासमोर मायकेल स्कॉटच्या ग्रंथाच्या परंपरेतली हस्तलिखितं होती असं मानतात. स्कॉट हा तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या दरबारातला ज्योतिषी. त्या परंपरेत झाडं आहेत. म्हणजे छापील पुस्तकात मजकूर पहिल्या-दुसऱ्या शतकाचा आणि चित्रं तेराव्या शतकाच्या वळणाची. मला हे जोडकाम फार विलक्षण वाटतं.

पुनर्वसू

चिकित्सक, तुमचे सगळे तपशील बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

पहिली गोष्ट, हिप्पार्कसचं जे एकमेव पुस्तक आपल्यापर्यंत पोचलं ते नेमकं अराटसवरचं. त्याची तारकासूची हरवली, बाकी ग्रंथ हरवले, टिकली ती एका लोकप्रिय कवितेवरची टीका, कारण कविता शाळाशाळांतून शिकवली जात होती आणि तिच्याबरोबर टीकाही उतरवली जात राहिली. गोष्टींच्या आधाराने विज्ञान टिकल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट, हायजिनसचा तिसरा भाग ताऱ्यांच्या जागांचाच आहे. मृगाबद्दल (म्हणजे त्यांच्या ओरायनबद्दल) तो लिहितो : डोक्यात तीन, दोन्ही खांद्यांवर एकेक, उजव्या कोपरावर एक, हातावर एक, पट्ट्यात तीन, तलवारीत तीन अंधुक, दोन्ही गुडघ्यांवर एकेक, दोन्ही पावलांवर एकेक, एकूण सतरा. बेरीज करून पाहा, जुळते. हे वाचून अंगणात उभं राहिलं तर खांदे, पट्टा, तलवार, पावलं सगळं सापडतं. मजकूर आकाशाला धरून आहे, आकाशापासून सुटलं आहे ते चित्र. शाल्मली आणि जुळारी काकांनी का सुटलं ते दाखवलंच.

आणि चित्राने आणखी एक केलं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्याला आपण शौरी म्हणतो त्या आकृतीबद्दल अराटस स्पष्ट लिहितो की हा गुडघ्यावर टेकलेला माणूस कोण हे कोणी सांगू शकत नाही, कसले कष्ट तो करतो आहे तेही माहीत नाही, सगळे त्याला नुसतं 'गुडघे टेकलेला' म्हणतात. हायजिनस त्यावर सात नावं देतो, बहुतेकांसोबत सांगणाराही. एराटोस्थेनिसच्या मते हर्क्युलीस, बागेच्या राखणदार सापाशी लढणारा. कोणी म्हणतात तो कॅलिस्टोचा भाऊबंद सीटिअस, अस्वल झालेल्या मुलीसाठी हात वर करून देवांना विनवणारा. कोणी थिसिअस, दगड उचलणारा. कोणी आंधळा केलेला गायक थॅमिरिस, कोणी ऑर्फिअस, कोणी इक्सायन, कोणी काकेशसला जखडलेला प्रोमिथिअस. एकाच आकृतीत शूर आहे, शोक करणारा आहे, शिक्षा भोगणारा आहे.

लिहिणाऱ्याला सातही ठेवता आले. चित्रकाराला एकच निवडावा लागतो. राटडोल्टच्या पानावर सिंहाचं कातडं आणि सोटा घेतलेला हर्क्युलीस आला, तो हजारो वाचकांनी पाहिला. पुढे १६०३ मध्ये योहान बायरच्या ताराचित्रांतही हर्क्युलीसच राहिला आणि बाकीचे सहा मागे पडले. त्या बापाची, भावाची, जो कोणी असेल त्याची अस्वलासाठीची विनवणी मला सगळ्यांत हलवून गेली होती आणि ती आज कुठल्याही ताराचित्रात नाही. म्हणून मी हायजिनसला दुय्यम म्हणणार नाही. त्याच्यामुळेच आपल्याला कळतं की आकाशातली आकृती एकाच्या मालकीची नव्हती.

काजवा, हो, चित्रा म्हणजे ते कणीस. राटडोल्टची १४८२ ची प्रत म्युनिकचं बव्हेरियन राज्य ग्रंथालय आणि वॉशिंग्टनचं लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संकेतस्थळांवर शोधा.

रोहिणीशकट

उत्तम चर्चा. मृगाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडच्या छापील पुस्तकाचं लिहिते, कारण त्याचा उगम थेट पुण्या-मुंबईचा आहे.

'ऐतरेय ब्राह्मण' या वैदिक ग्रंथात (३.३३) आकाशातली गोष्ट आहे. प्रजापती आपल्याच कन्येमागे लागला. ती हरिणी झाली, तो हरीण झाला. देवांनी हे पाहिलं, पण त्याला शासन करील असा त्यांच्यात कोणी नव्हता. मग त्यांनी आपापली सगळ्यांत घोर रूपं एकत्र केली आणि त्यातून एक देव उभा केला. त्याने पशूंचं आधिपत्य मागून घेतलं आणि बाण मारला. विद्ध झालेला तो वर उडाला, तोच मृग. मारणारा तो मृगव्याध, हरिणी ती रोहिणी आणि तीन कांडांचा बाण तो मृगाच्या पोटातला सरळ रेषेतला तीन ताऱ्यांचा. ज्या तीन ताऱ्यांना ग्रीक ओरायनचा पट्टा म्हणतात तेच.

या ग्रंथाची पहिली छापील आवृत्ती मार्टिन हौग यांनी काढली, मुंबईत, १८६३ मध्ये. एका खंडात संस्कृत मूळ, दुसऱ्यात इंग्रजी भाषांतर. हौग तेव्हा पुण्याच्या कॉलेजात संस्कृत विभागाचे प्रमुख होते. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९३ मध्ये टिळकांनी 'ओरायन' लिहिलं. त्यात मृग आणि ग्रीक ओरायन यांची सविस्तर तुलना आहे. आणि १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' मराठीतून आलं. आधी ग्रंथ छापून हातात येतो, मग त्यावर वाद घालता येतो, हे इथेही दिसतं.

एक विचारते. शिकारी, हरीण, बाण, कुत्रा एकाच जागी दोन्हीकडे. टिळकांचं म्हणणं होतं की मूळ एकच. तुम्हाला काय वाटतं?

चिकित्सक

हिवाळ्यात रात्रभर दिसणारा, आकाशातला सर्वांत ठळक समूह. तो माणसासारखा किंवा जनावरासारखा दिसणं आणि शिकारी समाजांनी तिथे शिकार पाहणं, यासाठी समान उगमाची गरज नाही. कृत्तिकांचंही तसंच. अराटस म्हणतो, सात म्हणतात पण दिसतात सहा. आपल्याकडे कार्तिकेयाच्या माता सहा. सातवी कुठे गेली याची कथा ग्रीकांत आहे : हायजिनस सांगतो, मेरोपीने मर्त्य माणसाशी लग्न केलं म्हणून ती लाजून मंद झाली, किंवा इलेक्ट्राला ट्रॉयचा नाश बघवला नाही. आपल्याकडे सात ऋषींच्या बायका, त्यातली अरुंधती नवऱ्यापाशी राहिली आणि उरलेल्या सहा कृत्तिका झाल्या. दोन्हीकडे सातातून एक वजा. पण साध्या डोळ्यांना बहुतेकांना सहाच दिसतात, त्यामुळे दोन्हीकडे तोच प्रश्न पडणार.

शौरीबद्दलचा मुद्दा मात्र मान्य. सात नावं मी वाचली नव्हती.

अगस्त्य

मी कोकणात समुद्राकाठी राहतो, आकाश रोज बघतो. पहिल्या लेखातली एक गोष्ट मनात राहिली. टेथिस अस्वलाला समुद्रात उतरू देत नाही, म्हणून ते मावळत नाही. आमच्या इथून सप्तर्षी चक्क मावळतात. ध्रुव क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर असतो, त्यामुळे सप्तर्षी त्याच्या खालून जाताना क्षितिजाखालीच असतात. ग्रीसमध्ये ध्रुवबिंदू अडतीस अंशांच्या आसपास आणि त्या काळी संपातचलनामुळे (पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलतो त्यामुळे) सप्तर्षी त्या बिंदूच्या आणखी जवळ होते, म्हणून तिथे ते कधीच बुडत नसत. म्हणजे जूनोच्या रागाची ती गोष्ट अक्षांशाला बांधलेली आहे. आमच्याकडे ती जन्मलीच नसती.

उलट बाजूने अगस्त्य तारा बघा. आमच्याकडे तो दक्षिणेला वीसएक अंश वर येतो, भरपूर वेळ दिसतो. म्हणून आपल्याकडे त्याच्या उदयाने पाणी निवळतं, तो समुद्र प्यायला, विंध्य ओलांडून दक्षिणेला गेला, अशा कथा आहेत. अथेन्सहून तो दिसतच नाही. अलेक्झांड्रियातून क्षितिजापासून सहाएक अंशांवर दिसतो. त्या 'कातास्तेरिझ्मी'त नदी या तारकासमूहाच्या प्रकरणात याचा उल्लेख आहे का?

पुनर्वसू

अगस्त्य, आहे. नदी म्हणजे नाईल असं तिथे म्हटलं आहे, तिच्या खाली कॅनोपस (म्हणजे आपला अगस्त्य) हा तारा आणि त्याहून खाली दुसरा तारा दिसत नाही म्हणून त्याला जमिनीलगतचा म्हटलं आहे. हे वाक्य अथेन्सचा माणूस लिहू शकत नाही, इजिप्तमध्ये बसलेलाच लिहील. तुमचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. या गोष्टी कोणत्या अक्षांशावरून सांगितल्या हे त्यांच्यातच नोंदलेलं असतं आणि पुस्तकातून पुस्तकात उतरवणाऱ्यांना ते दिसत नाही.

रोहिणीशकट, उगमाच्या प्रश्नावर मी चिकित्सकांच्या बाजूला झुकतो, पण बाणाच्या बाबतीत थांबतो. ग्रीकांनी तेच तीन तारे शिकाऱ्याच्या कमरेला बांधले, आपण ते शिकाऱ्याने सोडलेला बाण म्हणून हरणाच्या पोटात पाहिले. ओरायन आपल्याकडे शिकार झालेला आहे. आणि गोष्टीचं वजनही निराळं आहे. ग्रीक ओरायन फुशारक्या मारतो म्हणून पृथ्वी विंचू पाठवते, तो आजही वृश्चिक उगवला की मावळतो. आपल्याकडे स्वतः प्रजापतीलाही शासन होतं.

काजवा

आपल्या ताराचित्रांत शर्मिष्ठा, देवयानी, ययाती, वृषपर्वा ही नावं आहेत. ती ग्रीक नात्यांशी जुळतात का?

शाल्मली

काजवा, नाती बदलली आहेत. ग्रीकांकडे वृषपर्व्याच्या जागी सीफिअस राजा, शर्मिष्ठेच्या जागी त्याची राणी कॅसिओपिया, देवयानी म्हणजे त्यांची मुलगी अँड्रोमिडा आणि ययाती म्हणजे तिला सोडवणारा पर्सिअस. महाभारतात शर्मिष्ठा वृषपर्व्याची मुलगी, देवयानी शुक्राचार्यांची, ययाती देवयानीचा नवरा आणि शर्मिष्ठेच्याही मुलांचा बाप. तरी चारही नावं एकाच गोष्टीतली आणि शेजारी शेजारी, हे ज्याने जुळवलं त्याची दृष्टी मला आवडते. एका बाबतीत तर ते सुरेख बसलं आहे : दोन्हीकडे एका राजघराण्यातल्या बाईच्या गर्वाने सगळं सुरू होतं.

जुळारी

म्युनिकच्या संकेतस्थळावर राटडोल्टची प्रत उघडली. सारखा ठसा, काळीभोर शाई, समास रुंद. त्या काळात हाताने दाब देऊन इतकं स्वच्छ छापलं आहे की बघतच राहिलो. पुनर्वसू, एक विचारायचं होतं. हायजिनसच्या नावावर दुसरंही कथांचं पुस्तक आहे ना?

पुनर्वसू

काका, हो, 'फाबुले'. ते हायजिनसच्या खगोलाबरोबर १५३५ मध्ये बाझेलला याकोब मिकिलसने छापलं, फ्रायजिंगहून मिळालेल्या जुन्या हस्तलिखितावरून. लिपी वाचायला फार जड गेली असं तो लिहितो. छापून झाल्यावर ते हस्तलिखित फाडलं गेलं आणि त्याचे तुकडे पुढे इतर पुस्तकांच्या बांधणीत सापडले. 'फाबुले'चा आज जो मजकूर आहे तो जवळजवळ सगळा त्या १५३५ च्या छापील पुस्तकावर अवलंबून आहे. मिकिलसला जे वाचता आलं तेवढं उरलं.

म्हणून आता एक विनंती. हायजिनसचं मृगाचं प्रकरण मूळ लॅटिनवरून मराठीत आणावं असं मनात आहे, सगळे मतभेद आणि सांगणाऱ्यांची नावं ठेवून. शाल्मली, तुमच्या ओळखीत लॅटिन जाणणारं कोणी असेल तर कळवा. रोहिणीशकट, त्याच्या शेजारी ऐतरेयाचा तो उतारा तुम्ही अनुवादून द्याल का? दोन्ही एकाच धाग्यात लावू.

रोहिणीशकट

देते. सायणभाष्यासह देते, म्हणजे तिथेही कोण काय म्हणतं ते दिसेल.